घडीची करवत: धार गेलीये की नुसती चिकटलीये?

कातळवाट

नमस्कार मंडळी. लांज्याजवळ आमची हापूसची जुनी बाग आहे. आंबा उतरला की पाऊस लागायच्या आत वाळक्या फांद्या, बांडगुळं, एकमेकींत घुसलेलं गचपण काढायचं काम असतं. गडीमाणूस वेळेवर मिळेना म्हणून घडीची करवत घेतली, ओढताना कापणारी, वीतभर पात्याची. पहिल्या मोसमात मनगटाएवढी फांदी बघता बघता खाली यायची.

आता मात्र ती उघडायला दोन्ही हात लागतात. उघडली की पातं सांध्यात लटलट हलतं. खटका कधी बसतो, कधी नुसताच टेकतो. पातं काळं पडलंय, दात्यांच्या बुडाशी तपकिरी थर धरलाय. कापताना घास घेत नाही आणि घेतला तर काप डावीकडे कलतो.

बाजारात एका दुकानदाराला दाखवली. हातात न घेताच म्हणाला, "ह्याला धार लागत नाही हो, टाका आणि नवीन न्या." नवीन घ्यायला ना नाही, पण पोलाद शाबूत दिसतंय, मूठ शाबूत आहे. दुकानदाराचं खरं समजायचं की विकायची घाई? जाणकारांनी सांगावं.

तिरकस

कोयता घ्या. घडी नाही, खटका नाही, बोल्ट नाही. दगडावर चार हात मारले की धार तयार. आमच्या आज्याने अख्खी बाग कोयत्यावर सांभाळली.

कातळवाट

तिरकसराव, कोयता आहेच की घरात. पण कोयत्याने मनगटाएवढी फांदी तोडली की खाली साल सोलवटते, खुंट फाटतो, आणि त्या फटीत पाणी मुरतं. खोडकिड्याला आयतं घर. डहाळ्या सवळायला कोयता, फांदीला करवत, असं आमच्याकडे ठरलेलं आहे.

पाना_पक्कड

माझं शेतीअवजारं दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

"धार गेली" म्हणून येणाऱ्या घडीच्या करवतींपैकी बऱ्याच करवतींची धार जागेवर असते. दोन दात्यांमधली जागा भुशाने आणि चिकाने भरलेली असते, इतकंच. करवतीचा दाता लाकूड कापतो आणि कापलेला भुसा पुढच्या खाचेत घेऊन काठापर्यंत वाहून नेतो. खाच भरली की भुसा जाणार कुठे? दाता लाकडाला टेकतच नाही, पातं नुसतं घसरतं. मग माणूस जोर लावतो, जोर लावला की ढकलतानाही दाबतो, आणि ओढून कापायचं पातं ढकलताना दाबलं की वाकतं. तुमच्या करवतीची लक्षणं वाचून मला निम्मा आजार हाच वाटतो.

तेव्हा कानस हातात घ्यायच्या आधी धुणं.

आता धुवायचं कशाने? झाडातून येणारं सगळं चिकट एका जातीचं नसतं. बाभूळ, कडुलिंब, शेवगा यांचा डिंक पाण्यात फुगून सुटतो. कोमट पाणी, थोडा साबण, जुना टूथब्रश, काम झालं. आंब्याचा चीक तेलकट, राळेच्या जातीचा. त्याला पाणी लागू पडत नाही. पूर्वी रॉकेल होतं, आता ते मिळणं मुश्कील, तर रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन घ्या. फडकं भिजवून पात्यावर गुंडाळून थोडा वेळ ठेवा, मग ब्रशने दात्यांच्या खाचा एकेक करून साफ करा. ब्रश दात्यांच्या बुडाकडून टोकाकडे फिरवायचा, उलटा नाही, नाहीतर ब्रशचे केस आणि बोटांची कातडी दोन्ही जातील. फणस, वड, चिकू यांचा दुधी चीक रबरासारखा धरतो. त्याला आधी खोबरेल चोळायचं, फणस चिरताना हाताला लावतो तसं, आणि मग पुसायचं. थिनर शक्यतो नको. पात्याला काही होत नाही, पण मुठीचं रबर फुगतं आणि प्लॅस्टिक पांढरं पडतं.

काळ्या रंगाचं टेन्शन घेऊ नका. तो गंज नव्हे. आंबा, बाभूळ, जांभूळ यांच्या सालीत टॅनिन (तुरट द्रव्य) असतं. ते ओल्या पोलादाला लागलं की निळसर काळा डाग पडतो. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) मिसळून पूर्वी शाई करायचे, त्यातलंच रसायन. डाग राहिला तर राहू दे, कापण्यात फरक पडत नाही. गंज तांबूस असतो आणि बोटाला खरखरीत लागतो. तो दिसला तर तेल लावून बारीक झिरो पेपर पात्याच्या लांबीच्या दिशेने फिरवा, दाते सोडून. पात्यावर चकचकीत क्रोमचा मुलामा असेल तर पेपरही नको. मुलामा गेला की उघड्या पोलादावर गंज दुप्पट वेगाने चढतो.

सांध्याचं आणि खटक्याचं उद्या लिहितो, गिऱ्हाईक आलंय.

गच्चीवाली

वाचनखूण साठवली! माझी करवत लहान आहे, गच्चीवरच्या कुंड्यांतल्या पेरू-लिंबापुरती. इंटरनेटवर वाचलं की करवत रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली की गंज निघतो. करून बघू का?

पाना_पक्कड

गच्चीवाली ताई, नका करू. व्हिनेगर गंज खातं हे खरं, पण गंज संपला की ते पोलाद खायला लागतं आणि सगळ्यात आधी सगळ्यात बारीक भाग खातं. तो म्हणजे दात्याचं टोक. सकाळी पातं स्वच्छ आणि बोथट मिळेल. फारच गंज असेल तर व्हिनेगरचं फडकं फक्त डागावर ठेवा, अर्ध्या तासाने काढा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पुसा, लगेच तेल लावा.

आता सांधा. कातळवाट, तुमच्या करवतीला बोल्ट आहे की रिबिट? बोल्ट असेल तर एका बाजूला नट किंवा अॅलन की लागणारं डोकं दिसेल. खाली ताट ठेवून उघडा. वॉशर कुठल्या क्रमाने निघतात त्याचा मोबाईलवर फोटो काढा, कारण बसवताना तोच क्रम लागतो आणि बहुतेक लोक तिथेच चुकतात. आत भुसा आणि चीक यांची टणक खळ सापडेल. टाचणीने, दातकोरणीने काढा. खटका पात्याच्या ज्या खाचेत बसतो ती खाच खास बघा. तिथे तांदळाच्या दाण्याएवढी घाण असली तरी खटका वरवर टेकतो, आत बसत नाही.

ही गंमत नाही. खटका अर्धवट बसला आणि कापताना पात्याच्या पाठीवर दाब आला की पातं मिटतं आणि दाते सरळ बोटांवर येतात. म्हणून साफ करून बसवल्यावर एक चाचणी करा. पातं पूर्ण उघडा, मूठ दोन्ही बाजूंनी तळव्यात धरा, मिटायच्या खाचेखाली एकही बोट ठेवू नका, आणि पात्याची पाठ लाकडी ओंडक्यावर जोराने दाबा. खटका सुटला तर ती करवत झाडावर न्यायची नाही. स्प्रिंग थकली असेल तर बदलून मिळते, खाच झिजली असेल तर मात्र पातंच बदलावं लागतं.

बोल्ट किती कसायचा? पातं आपल्या वजनाने पडू नये, पण एका हाताने उघडावं. इतका कसला की पातं हलायचं थांबतं. तरीही हलत असेल तर वॉशर झिजलाय. कोल्ड्रिंकच्या डब्याच्या पत्र्यातून कात्रीने गोल कापून आत घाला. तो पत्रा कागदासारखा पातळ असतो, त्यामुळे एक घाला, बघा, लागला तर दुसरा. नट दर वेळी सैल होत असेल तर नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा) टाका. तेल म्हणाल तर शिवणयंत्राचं, दोन थेंब. ग्रीस नको, भुसा धरून ठेवतं.

रिबिट असेल आणि सैल झालं असेल तर ऐरणीवर ठेवून गोल डोक्याच्या हातोडीने हलके टिचके मारायचे. दोनदा मारावं लागलं तर रिबिट ड्रिलने काढून बोल्ट टाकलेला बरा.

डाळिंबवाला

सांगोल्याकडचा आहे. आमच्याकडं करवतीला तेल लावायचं तर करडईचं, घरात तेच असतं. दोन म्हैन्यांनी सांधा असा धरतो की कानसवाल्याकडंच जावं लागतं. कशामुळं व्हतंय?

पाना_पक्कड

करडईमुळेच भाऊ. करडई, जवस ही वाळणारी तेलं. हवा लागली की त्यांचा पापुद्रा धरतो. जवसाचं तेल तर लाकडाला पॉलिश म्हणून लावतात ते याच गुणासाठी. सांध्यात असं तेल म्हणजे सावकाश लावलेला डिंकच. खोबरेल वाळत नाही, पण थंडीत गोठतं आणि काही महिन्यांनी खवट होऊन चिकटतं. शिवणयंत्राच्या तेलाची बाटली स्वस्त असते, तीच ठेवा. आणि डब्ल्यूडी-४० हे फवारायचं द्रव साफ करायला, अडकलेला बोल्ट सोडवायला छान, पण ते उडून जातं, तेलाची जागा घेत नाही.

डाळिंबवाला

आभारी हाय. आता डाळिंबवाल्यांसाठी एक. तेल्या रोगाचा जिवाणू झाडावरनं झाडावर कात्रीनं आन करवतीनं जातो. म्हणून दर झाडाला हत्यार सोडियम हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचच्या द्रावणात) बुडवायचं, आशी शिफारस हाय, आन ती बरोबरच हाय. पण त्यानं पातं आठवड्यात तांबडं पडतं. आमी आता दोन करवती ठेवतो. एक द्रावणात, एक हातात, झाड बदललं की अदलाबदल. संध्याकाळी दोन्ही साध्या पाण्यानं खळखळून धुवायच्या, उन्हात वाळवायच्या, तेल पुसायचं. ज्या बागेत तेल्या न्हाई तिथं ७० टक्के स्पिरिटचा फवारा बाटलीत ठेवतो, पात्याला त्रास कमी. फकस्त बिडी-काडी लांब ठेवा.

ज्वालामुखी_पुणे

रसायनाचा मास्तर म्हणून एक ओळ घुसडतो. वर व्हिनेगर आलंय, आता हायपोक्लोराइट आलंय. हे दोन्ही एकत्र, किंवा एकापाठोपाठ न धुता, कधीही वापरू नका. क्लोरीन वायू निघतो आणि तो बंद खोलीत जिवावर बेततो. अॅसिडच्या बाटल्यांबरोबरही हेच.

कोबेकर

मूळचा नाशिकचा, सध्या जपानमध्ये कोबेजवळ. इथून जवळच मिकी आणि ओनो ही दोन गावं आहेत, दोन्ही करवती-चाकूंसाठी पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेली. भारतात ऑनलाइन मिळणारी सिल्की करवत ओनोचीच. इथे हत्यारांच्या दुकानात बसून जे कळलं ते लिहितो, कारण कातळवाट यांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.

हल्लीच्या बहुतेक छाटणीच्या करवतींच्या दात्यांची टोकं विजेच्या उच्च वारंवारतेच्या झटक्याने क्षणभर तापवून कडक केलेली असतात. फक्त टोकं, बाकी पातं लवचिक राहतं. नवीन पातं उजेडात धरलंत तर दात्यांच्या टोकांना निळसर-काळपट रेघ दिसते, ती याचीच खूण. ही टोकं कानशीपेक्षा कडक असतात. साधी कानस त्यावर किंचाळत घसरते आणि स्वतःच बोथट होते. म्हणजे दुकानदार पूर्ण खोटं बोलला नाही. फक्त "धार लागत नाही" आणि "टाकून द्या" यांच्यामध्ये बरंच काही आहे, ते त्याने गाळलं.

दुसरी गोष्ट, दाते. साध्या सुतारी करवतीचे दाते आळीपाळीने डावी-उजवीकडे फाकवलेले असतात, म्हणजे काप पात्यापेक्षा रुंद पडतो आणि पातं अडकत नाही. चांगल्या जपानी पात्यात दाते फाकवतच नाहीत. पातं दात्यांकडे जाड आणि पाठीकडे पातळ घासलेलं असतं, जागा तिथूनच मिळते. काप गुळगुळीत येतो, जखम लवकर भरते. पण अशा पात्याला जराही वाक आला की ते लगेच कापात अडकतं, कारण सुटकेला जागाच कमी.

इथे लोक पातं बदलतात. मूठ तीच ठेवून नवीन पातं. पाकिटावर दात्यांचा आकडा असतो, तो सिल्कीच्या बाबतीत ३० मिलिमीटरमध्ये किती दाते ते सांगतो. ओल्या जिवंत लाकडाला आकडा लहान, म्हणजे दाते मोठे असावेत. वाळक्या टणक लाकडाला बारीक. स्वीडनच्या बाको कंपनीची घडीची करवत आपल्याकडे ट्रेकिंगवाल्यांकडे दिसते, तिचे दाते इंचाला सात आहेत आणि ती दोन्ही दिशांनी थोडंथोडं कापते. त्यामुळे ती ढकलूनही चालते, पण जपानी पातं तसं वापरू नका.

वाकस

कोबेकर, छान लिहिलंय. पण एक दुरुस्ती. कडक टोकांवर हिऱ्याची कानस चालते. पातळ, सुरीसारख्या कडेची हिऱ्याची कानस मिळते, ती दात्याच्या मूळ उतारावरच ठेवून एकेक हलका हात. नवीनसारखी होत नाही, पण मोसम निघतो. मी केलंय.

आणि आपल्याकडे मिळणाऱ्या साध्या देशी घडीच्या करवतींचे दाते पुष्कळदा कडक केलेले नसतातच. कसं ओळखायचं? मुठीजवळचा शेवटचा दाता, जो कधी कापत नाही, त्यावर साधी कानस टेकवून बघा. चावली आणि चमक आली तर नरम पोलाद, निवांत धार लावा. घसरली तर कडक, साधी कानस लांब ठेवा.

नरम पात्याला धार लावायची आमच्या घरातली पद्धत सांगतो, तीन पिढ्या सुतारकी आहे. पातं दोन लाकडी पट्ट्यांत धरून वाइसमध्ये आवळायचं, दाते पट्टीच्या जेमतेम वर. छाटणीचं पातं बाकदार असतं, म्हणून पट्ट्यांनाही तोच बाक द्यावा लागतो, नाहीतर पातं थरथरतं आणि कानस उड्या मारते. मार्करने सगळी टोकं काळी करायची. मग सपाट कानस सगळ्या माथ्यांवरून एकदाच हलकी फिरवायची. ज्या दात्यावर चमक आली नाही तो झिजून बुटका झालाय. उरलेले त्याच्या उंचीला आणायचे. त्यानंतर तिधारी कानशीने एक सोडून एक दाता, आपल्यापासून लांब ढकलत, प्रत्येकाला सारखेच हात. मग पातं उलटं फिरवून राहिलेले दाते. धार लावताना घाई करणाऱ्याचा एक दाता मोठा आणि एक लहान होतो, मग करवत लंगडते. काळी शाई पूर्ण गेली की थांबा. त्यापुढे घासणं म्हणजे पात्याचं आयुष्य घासणं.

पाना_पक्कड

वाकसदादा, हिऱ्याच्या कानशीबद्दल माझं मत वेगळं. ज्याचा हात बसलाय त्याच्यासाठी ठीक. जपानी दात्याला तीन उतार असतात, दोन बाजूंचे आणि एक माथ्याचा. नवख्या माणसाने माथ्याचा उतार घालवला की ते पातं गेलं. नवीन पात्याच्या किमतीशी तुलना केली तर शिकायला म्हणून करा, वाचवायला म्हणून नको.

वाकस

शिकायला म्हणून तरी करा, एवढं मान्य केलंत तेच खूप. :)

कातळवाट

मंडळी, प्रगती सांगतो. बोल्ट उघडला. आत जे निघालं त्याला खळ म्हणणंही सौम्य होईल, भुसा, चीक आणि मला वाटतं दोन मुंग्या. टर्पेंटाइनने पातं धुतलं. काळं राहिलं, पण दात्यांच्या खाचा मोकळ्या झाल्या. खटक्याच्या खाचेत खरंच एक टणक गोळी होती. ती काढल्यावर खटका "टक्‌" करून बसला. हा आवाज विसरूनच गेलो होतो. डब्याचा एक पत्रा आत घातला, लटलट बंद. एका हाताने उघडते आता. पेरूच्या फांदीवर चालवून बघितली, घास घेते.

पण काप अजून डावीकडे जातो. आधीपेक्षा कमी, तरी जातो. बोल्ट सैल होता म्हणून जात असेल असं वाटलं होतं.

पाना_पक्कड

थोडं बोल्टमुळे होतंच, म्हणून कमी झालं. आता पातं मुठीकडून डोळ्याच्या रेषेत धरून पाठीवरून पाहा, वाक आहे का. हलका बाक असेल तर हातमोजे घालून, पात्याचं टोक लाकडात रोवून उलट दिशेला थोडंथोडं वाकवा. एकदम सरळ करायला जाऊ नका. तीक्ष्ण घडी पडली असेल तर सोडून द्या, ती सरळ करताना तुटते आणि कडक दाते तडकतात.

वाक नसेल तर दाते बघा. करवत नेहमी ज्या बाजूचे दाते तीक्ष्ण किंवा जास्त बाहेर आहेत त्या बाजूला जाते. डावीकडे जात असेल तर उजवीकडचे दाते बोथट असणार. नखाच्या पाठीवरून हलकेच दाता ओढून बघा, तीक्ष्ण दाता नख खरवडतो, बोथट घसरतो. भिंग असेल तर उत्तम.

कातळवाट

वाक नाही. उजव्या बाजूला मधल्या भागात दात्यांची टोकं उडालेली दिसतात, सलग. आता आठवलं, एका जुन्या कलमाच्या खोडात पूर्वीच्या कुंपणाची काटेरी तार गेलेली आहे, सालीने पार गिळलेली. त्याच फांदीवर मागच्या मोसमात "खर्रर्र" झालं होतं.

पाना_पक्कड

मग निदान झालं. एखादा-दुसरा दाता गेला तर काही बिघडत नाही. सलग चार-पाच गेले की पातं तिथे अडखळतं आणि एका बाजूला ओढतं. डावीकडच्या दात्यांवर बारीक तेलाचा दगड सपाट ठेवून, लांबीच्या दिशेने एक हलका हात फिरवला तर काप सरळ होतो, पण म्हणजे चांगली बाजू वाईट बाजूच्या पातळीला आणणं. साध्या कामाला चालेल. हापूसच्या कलमावर मी नवीन पातं टाकेन. पातं घेताना जुनं बरोबर न्या. लांबी सारखी असून भागत नाही. बोल्टचं भोक आणि खटक्याच्या खाचेची जागा जुळली पाहिजे. मूठ-पातं वेगवेगळ्या कंपनीचं जुळवायच्या भानगडीत पडू नका, बसतं पण खटका पूर्ण धरत नाही, आणि ते धोक्याचं.

गच्चीवाली

पुण्यात शोधत असाल तर रविवार पेठेत बोहरी आळीत चक्कर मारा. बोल्ट, वॉशर, स्प्रिंग, कानशी सगळं सुटं मिळतं. मुंबईकरांना नागदेवी स्ट्रीट.

अवांतर: आमच्या सोसायटीच्या आवारातला गुलमोहर वाढलाय, आता करवत चालू झालीच आहे तर...

ज्वालामुखी_पुणे

ताई, थांबा. शहरात १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. कुंडीतला पेरू तुमचा, पण आवारातल्या झाडाला हात लावायच्या आधी महापालिकेच्या वृक्ष विभागाकडे अर्ज करा. शिवाय गुलमोहराचं लाकूड ठिसूळ असतं, शिडीवर चढून घडीची करवत चालवायचं झाड नव्हे ते.

तिरकस

बरं, कोयता मागे घेतो. पण मला सांगा, कापताना करवत मध्येच चिमटते ती का? परवा शेजाऱ्याची आणली, अर्धी गेली आणि फांदीने जी धरली, सोडायलाच तयार नाही. ओढून ओढून पातं वाकायची वेळ.

पाना_पक्कड

फांदी वजनाने खाली झुकते, काप वरून मिटतो आणि पातं दाबलं जातं. म्हणून जड फांदी कधी एका घावात काढायची नाही. खोडापासून वीतभर लांब, आधी खालून फांदीच्या जाडीच्या पाव भागापर्यंत कापायचं. मग त्याच्या थोडं पुढे वरून. फांदी आपल्या वजनाने मोडून पडते, साल खाली सोलवटत नाही. राहिलेला खुंट हलका असतो, तो शेवटी खोडालगतच्या फुगवट्याच्या बाहेरून काढायचा. फुगवटा कापायचा नाही, जखम भरून काढणारी साल तिथूनच येते. अडकलीच तर ओढू नका, दुसऱ्या हाताने फांदी वर उचला, करवत आपोआप सुटते. छाटणीत वाकलेली पाती मी बघतो ती बहुतेक अशीच ओढून वाकलेली.

बांडगुळाचंही तेच. नुसतं बांडगूळ खरवडून उपयोग नाही, ते जिथे धरलंय त्याच्या खाली फांदीच काढा, मुळं आत गेलेली असतात.

डाळिंबवाला

आन कापल्यावर जखमेवर बोर्डो पेस्ट (बुरशी रोखणारा लेप) लावा. मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर. दोन्ही येगयेगळं भिजवून मग एकत्र करायचं, प्लॅस्टिकच्या बादलीत. करवत त्या बादलीत टेकवू नका. मोरचूद जास्त झालं का बघायला आमी त्यात लोखंडी विळा बुडवतो, तांबडा थर आला तर चुना कमी पडलाय. तोच थर करवतीच्या पात्यावर बसला की तितनं गंज सुरू झालाच म्हणून समजा.

कातळवाट

नवीन पातं मागवलंय. तोवर एक शेवटचं विचारतो. कोकणातल्या पावसात ठेवायची कशी? इथे जुलैत भिंतीवरचा खिळाही गंजतो.

पाना_पक्कड

मिटून ठेवू नका, हा पहिला नियम. मुठीच्या खाचेत ओला भुसा अडकलेला असतो, पातं त्यात झोपलं की गंज आतून. धुऊन, उन्हात किंवा चुलीपासून लांब उबेत पूर्ण वाळवून, पात्याला तेलाचा हात पुसून, उघडीच खिळ्याला टांगा, दाते भिंतीकडे. घरात पोरं असतील तर दात्यांवर सायकलच्या जुन्या ट्यूबची फाडलेली पट्टी चढवा. कातडी म्यान असेल तर त्यात ठेवू नका, कातडं ओल धरतं. दर पंधरवड्याला एकदा उतरवून तेलाचा हात.

वाकस

आणि नवीन पातं आलं की जुनं फेकू नका. नारळाची, बांबूची मुळं तोडायला, कुंडीतल्या झाडाचा मुळांचा गोळा कापायला ठेवा. मातीतले खडे पात्याची टोकं उडवतात, चांगलं पातं तिथे घालायचंच नाही. जुन्याला दोन्हीकडून दगडाचा एकेक हात द्या, मुळांना तेवढं पुष्कळ.